न चाखलेली आमटी

पाणजाई देवीने घास घ्यायच्या आधीच तिच्या आमटीला साडेचार तारे मिळाले, आणि वेळुशी गावात त्या वर्षातली दुसरी ग्रामसभा भरली. पहिली स्मशानाच्या रस्त्यासाठी होती. तिला सात माणसं आली होती. हिला चारशे आली.

झालं ते असं. पौष पौर्णिमेच्या जत्रेला देवळामागच्या आवारात बाराशे माणसांचा महाप्रसाद शिजतो. आमटीची एक मोठी काहील, भाताच्या दोन, गव्हाच्या खिरीची एक. आमटीचा मान मुळिकांच्या घराचा, आणि त्या घरात आता काहिलीसमोर उभं राहणारं माणूस एकच उरलं होतं, सगुणाबाई. वय त्रेसष्ट, उंची बेताची, आवाज मात्र काहिलीच्या धुरापलीकडेही ऐकू जाईल असा. देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत आमटी कुणी चाखायची नाही, हा नियम. मीठ घालायचं ते अंदाजाने, देवीच्या आणि स्वतःच्या हाताच्या भरवशावर.

हा भरवसा सगुणाबाईंनी गेली अकरा वर्षं 'रसज्ञा'वर टाकला होता. रसज्ञा म्हणजे हातभर लांबीची पोलादी दांडी आणि तिच्या टोकाला नखाएवढी चकती. चकती आमटीत बुडवली की तिच्यावरच्या केसापेक्षा बारीक तारा खारट, आंबट, कडू, गोड असं सगळं मोजतात. मग दांडीतलं यंत्र जेवणाऱ्यांच्या मनगटावरच्या पट्ट्यांशी बोलून कुणाला काय रुचतं, कुणाचा रक्तदाब किती, हे विचारून घेतं, बाराशे जिभांची सरासरी काढतं आणि पडद्यावर लिहितं: 'मीठ, आणखी दोनशे चाळीस ग्रॅम.' गावात तिला जिभली म्हणत. जिभली चाखते म्हणजे माणूस चाखत नाही, म्हणजे नियम मोडत नाही, असं सगळ्यांनी एकमेकांना न विचारता ठरवून टाकलं होतं. गावचे बरेच महत्त्वाचे ठराव असेच होतात.

पण त्या जत्रेच्या आधी कंपनीने तिच्यात सुधारणा केली. सुधारणा कुणी मागितली नव्हती. सुधारणेचं ते तसंच असतं. तिला मत फुटलं, आणि मतामागोमाग कंठही फुटला. अप्पा गुरव नैवेद्याचं ताट घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पोचले, तेवढ्यात जिभलीने देवळाचा कर्णा आपणहून शोधून काढला आणि सगळ्या गावाला गोड आवाजात सांगितलं, "आमटी छान झाली आहे. साडेचार तारे."

अप्पांचा पाय उंबऱ्यावरच राहिला. दर्शनाच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण काय केलं ते कळून हात मागे लपवले.

ग्रामसभेत देवस्थानचे अध्यक्ष हिंदुराव भोइटे उभे राहिले. चौतीस वर्षं मुख्याध्यापक होते, त्यामुळे कुठल्याही प्रश्नाचे पोटप्रश्न पाडल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे.

"प्रश्न असा," ते म्हणाले, "की नैवेद्य उष्टा झाला का? उष्टं होतं ते जिभेमुळे की पोटामुळे? यंत्राला जीभ आहे, पोट नाही."

"आवो पण सर, अकरा वर्षं झाली की चाखतीय ती," मागून कुणीतरी म्हणालं.

"अकरा वर्षं गप्प होती!" अप्पा गुरव कडाडले. "चाखून गप बसणं येगळं अन् चाखून मत देणं येगळं. देवीच्या आधी मत दिलं तिनं. आता देवीनं काय करायचं? पाच तारे द्यायचे?"

मुद्दा बिनतोड होता.

"आणि अर्धा तारा कापला कशासाठी, तेही कळायला हवं," हिंदुराव हळूच म्हणाले. त्यांना ते मनाला लागलं होतं. डाळ त्यांच्या शेतातली होती.

कंपनीने कळवलं की यंत्र मुकं करून देऊ. सभेने ते फेटाळलं, कारण मुकं झालं तरी मनातल्या मनात तारे देईलच. शेवटी ठराव झाला: नैवेद्य होईपर्यंत जिभली आवाराबाहेर. नैवेद्यानंतर तिने खुशाल काय चाखायचं ते चाखावं. आणि सगुणाबाईंना हे जमणार नसेल तर पुढच्या जत्रेपासून महाप्रसाद कारखान्यातून सीलबंद यावा. तो नुसत्या गणितावर बनतो, त्याला माणूस वा यंत्र कुणीच तोंड लावत नाही, त्यामुळे शास्त्राला तो चालतो.

"काय वहिनी?" हिंदुरावांनी विचारलं.

सगुणाबाई म्हणाल्या, "जमंल की." म्हणताना त्यांचा उजवा हात पदराखाली दडलेला होता. त्याला विचारलेलं नव्हतं.

*

हाताने घाबरावं असं कारण होतं, आणि ते डाळीत होतं.

पाऊस पूर्वी लहरी होता. आता तो नुसता लहरी राहिला नव्हता, दरवर्षी नवा स्वभाव घेऊन येत होता. तेव्हा बियाण्यांच्या संशोधकांनी एक डोकं चालवलं. पाऊस बदलतो तर बीही बदलू दे. येत्या सहा महिन्यांचं हवामान आधी गणिताने मांडायचं, आणि त्या हवामानाला सोसेल असं तुरीचं, भाताचं, मिरचीचं बी जनुकांत बारीक काटछाट करून त्या हंगामापुरतं तयार करायचं. याला ऋतुबियाणं म्हणत. त्यामुळे कुणी उपाशी राहिलं नाही, ही गोष्ट मोठीच. पण रोपाला उन्हाचा ताण सोसायला शिकवलं की ते पेशींत जास्त साखर साठवतं. पाणथळ सोसायला शिकवलं की कडवट द्रव्यं वाढतात. चिवट सालीची डाळ मीठ बाहेर ठेवते, मऊ सालीची पिऊन टाकते. म्हणजे तूर म्हणायला तूरच, पण यंदाची तूर गेल्या वर्षीच्या तुरीची ओळख देत नाही. आणि मीठही मिठागराचं उरलं नव्हतं. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यांतून ते मागच्या दाराने निघे, रक्तदाबाच्या सोयीने त्यात इतर क्षार मिसळले जात, आणि प्रत्येक पोत्याचा खारटपणा वेगळा. घरोघरच्या बायका याला एकाच शब्दात 'नवं आलंय' म्हणत आणि कपाळाला हात लावत.

सगुणाबाईंच्या सासूबाईंचं मापच होतं: सतरा ओंजळी. ना सोळा, ना अठरा. सासूबाई गेल्यावर सगुणाबाईंनी बावीस वर्षं सतरा ओंजळी घातल्या आणि बावीस वर्षं गाव बोटं चाटत उठलं. तेविसाव्या वर्षी पहिलं ऋतुबियाणं आणि पहिलं कारखान्याचं मीठ एकाच जत्रेत भेटलं. सतरा ओंजळींची आमटी इतकी खारट झाली की अप्पांनी आचमन केलं ते तीन वेळा. बाराशे माणसं खीर खाऊन घरी गेली. उरलेली काहील ओढ्यात ओतावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यातले मासे, बघणारे सांगतात, उलट्या दिशेने पळत होते.

कुणी काही बोललं नाही. त्याचंच जास्त लागलं.

त्या वर्षी मुक्ताला, सगुणाबाईंच्या मुलीला, पुण्यात यंत्रांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. पहिल्या पगारातून तिने आईला जिभली आणून दिली. मायेनेच दिली. सगुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, दांडीला हळदकुंकू लावलं, आणि तेव्हापासून स्वतःच्या जिभेला निवृत्ती दिली. आधी जत्रेच्या आमटीपुरती, मग घरच्या आमटीपुरती. मग चहा गोड झालाय का, हेही दांडी बुडवून बघू लागल्या. एकदा शेजारणीने विचारलं, "सगुणाबाई, थंडी वाजते का वो?" तर त्यांनी आधी मनगटावरची पट्टी पाहिली आणि मग "व्हय, वाजतीय" म्हणाल्या.

आमटी त्या अकरा वर्षांत कधी बिघडली नाही. तक्रार शून्य. पंगतीत माणसं आमटी ओरपताना दुसरीकडेच बघत असत, पावसाबद्दल बोलत, निवडणुकीबद्दल बोलत. आमटीबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. बाराशे माणसांच्या सरासरीला आवडेल अशी आमटी समोर असली की बोलायला काही उरत नाही.

*

पुढच्या जत्रेच्या आदल्या दिवशी मुक्ता आली. गाडीतून उतरतानाच म्हणाली, "आई, काळजी करू नकोस. मी सगळं काढून आणलंय."

"काय काढून आणलंस?"

"उत्तर." तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. "हिंदुरावकाकांच्या डाळीचा नमुना मागच्या आठवड्यात तपासून घेतला. मिठाच्या पोत्याचा क्रमांक दुकानदाराला विचारला. पाणी किती, आच किती, सगळं मांडलं. चाखायची गरजच नाही. तीन किलो चारशे ग्रॅम."

"आन् हे शास्त्रात बसतं?"

"गणित आहे, आई. गणित उष्टं होत नाही."

सगुणाबाईंनी कागद कमरेला खोचला. त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी त्या दोन भाकरी जास्त जेवल्या.

पहाट उलटली तेव्हा नदीवरून धुकं वर आलं होतं आणि देवळाला कळसापुरतंच ठेवून बाकी गाव त्याने उचलून नेलं होतं. आवारात चार काहिली चार बेटांसारख्या. माणसं पांढऱ्या हवेतून उगवत, लाकडाची मोळी टाकत आणि पुन्हा पांढऱ्या हवेत मावळत. आवाज मात्र सगळे जवळून येत. कुणी खोकलं तरी वाटे, आपल्याच खांद्यावर खोकलं. सगुणाबाई काहिलीसमोर उभ्या होत्या. डाळ शिजली होती, फोडणी पडली होती, आमसुलं, गूळ, गोडा मसाला सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं होतं. राहिलं होतं ते मीठ.

मुक्ता मिठाचं पोतं फोडायला गेली, ती पोत्यापाशीच खिळून राहिली.

"आई."

"काय गं?"

"हे ते पोतं नाही."

"पोतं म्हंजे पोतं."

"अगं क्रमांक वेगळा आहे! दुकानदाराने काल रात्री नवा माल पाठवला. हे कुठल्या कारखान्याचं, काही माहीत नाही." तिने कागद हातात घेतला, उलटा केला, जणू पाठीमागे दुसरं उत्तर लिहिलेलं असावं. "तीन चारशे नाही चालणार. जास्त लागेल, की कमी... नाही सांगता येत."

धुक्यातून अप्पांचा आवाज आला, "सगुणाबाय, घटकाभरात नैवेद्य काढायचाय वो!"

"व्हय, व्हय!"

मुक्ता आईच्या अगदी जवळ सरकली. "ऐक. जिभली गाडीत आहे. मी तिचा कंठ काढून टाकलाय. ओढणीत गुंडाळून आणते. या धुक्यात, या वाफेत कुणाला काय दिसतंय? एकदा बुडवायची, आकडा बघायचा, झालं. कुणाला कळणार नाही."

"देवीला?"

"आई, तू कधीपासून एवढी..."

"न्हाई, इचारते. देवीला कळंल का?"

खरं तर देवीचं सगुणाबाईंना एवढं भय नव्हतं. देवीने त्या खाऱ्या वर्षीही नैवेद्य घेतला होता, तक्रार न करता. त्यांना भय होतं ते दुसरंच. आज दांडी बुडवली तर आमटी बरोबर होईल. पण हा हात बारा वर्षांपूर्वी मेला, की नुसताच घाबरून बसलाय, ते मरेपर्यंत कळणार नाही.

"राहू दे गाडीत," त्या म्हणाल्या.

"आणि बिघडली तर? सीलबंद डबे येतील पुढच्या वर्षी. तुझा मान जाईल."

"जाईल."

"आई!"

"मुक्ते, जरा लांब हो. उजेड आडवतीयस."

अडवण्यासारखा उजेड कुठेच नव्हता. पण मुक्ता दोन पावलं मागे झाली आणि धुक्याने तिला पोटात घेतलं.

*

सगुणाबाईंनी परातीत मीठ घेतलं. बोटांत चोळलं. खडा सासूबाईंच्या वेळच्या खड्यासारखा नव्हता. कोरडा, हलका, बोटाला न चिकटणारा. त्यांनी काहिलीत पाहिलं. आमटी कडेने उकळत होती आणि मधे झोपली होती. मोठ्या काहिलीचं हे असंच, कडेला जाग आणि मधे स्वप्न.

पहिली ओंजळ त्यांनी मधोमध सोडली. मग दुसरी. प्रत्येक ओंजळीबरोबर आमटी क्षणभर गप्प होई आणि पुन्हा बोलू लागे. पाचव्या ओंजळीला वास बदलला. मिठाला वास नसतो, हे मुक्ताने त्यांना शाळेतून येऊन सांगितलं होतं. पण मीठ पडलं की बाकीचे वास उठून उभे राहतात, हे मुक्ताच्या पुस्तकात नव्हतं. आठव्या ओंजळीला गूळ उठला. दहाव्या ओंजळीला आमसूल. धुकं आत आलं होतं की वाफ बाहेर गेली होती, कोण जाणे. दोन्ही मिसळून अशी एक पांढरी, कोमट झोप त्यांच्याभोवती बसली होती, आणि त्या झोपेत त्यांना स्वतःचे हात दूरवरून दिसत होते, दुसऱ्या कुणा बाईचे असावेत तसे, काहिलीवर येणारे आणि जाणारे.

अकरा. बारा. तेरा.

चौदाव्या ओंजळीला हात थांबला.

तो का थांबला, त्यांना माहीत नव्हतं. पण असा तो आधीही एकदा थांबला होता, हे मात्र एकाएकी लख्ख आठवलं. बारा वर्षांपूर्वी, याच जागी, खाऱ्या आमटीच्या दिवशी. तेव्हाही तो मधेच काहिलीवर अडला होता. बुडबुडे जड झाले होते, फुटताना आवाज बसका येत होता, हाताने ते पाहिलं होतं. आणि सगुणाबाई त्याला म्हणाल्या होत्या, "चल पुढं. सतरा म्हंजे सतरा." मग उरलेल्या ओंजळी त्यांनी मोजून घातल्या होत्या, काहिलीकडे न बघता, शेजारणीशी बोलत.

म्हणजे हात चुकला नव्हता. चुकला होता तो आकडा. शिक्षा मात्र हाताला झाली होती, अकरा वर्षांची सक्तमजुरी, तीही दांडी धरायची.

"अस्सं व्हय," त्या स्वतःशी म्हणाल्या. त्यांना हसू आलं. मग जरा रडूही आलं, पण वाफेत ते धरायला नको.

हात काहिलीवर तसाच होता. त्यांनी बुडबुड्यांकडे पाहिलं. हलके होते. डावाने आमटी उचलून उंचावरून सोडली. धार तुटत तुटत पडली. त्यांनी चौदावी ओंजळ घातली. पंधरावीही घातली. सोळावी भरली, निम्मी घातली, आणि उरलेली परातीत परत टाकली.

"अप्पा," त्यांनी हाक मारली. "काढा नैवेद्य."

*

नैवेद्य झाला. घंटा वाजली, कर्ण्यावर आरती झाली, आणि कर्ण्याने त्यापलीकडे एक अक्षर उच्चारलं नाही. अप्पांनी नैवेद्याचं ताट बाहेर आणलं, त्यातला घास घेतला, बराच वेळ चावला आणि सगुणाबाईंकडे पाहून मान अशी हलवली की तिच्यातून काहीही अर्थ काढता यावा. गुरवपण त्यांच्याकडे सात पिढ्यांचं होतं.

पहिली पंगत बसली. मुक्ता गाडीकडे धावली आणि जिभली घेऊन आली. आता तिला मोकळीक होती. तिने दांडी काहिलीत बुडवली, पडद्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला.

"आई! तू फार जवळ आलीस! नुसती सहा टक्के कमी! दोनशे ग्रॅम घातलं की झालं." तिने मिठाची परात ओढलीसुद्धा.

"थांब," सगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी द्रोणात आमटी घेतली, फुंकली आणि प्यायल्या. अकरा वर्षांत त्यांनी आकडा आधी पाहिल्याशिवाय काही चाखलं नव्हतं. जिभेला काही सांगायचं असतं हेच त्या विसरल्या होत्या. आता ती सावकाश, जुन्या सासुरवाशिणीसारखी, अंग चोरून बोलू लागली. आधी आंबट, मग गोड, मग मागून कुठून तरी खोबरं, आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं मीठ, मधे न येणारं, पण असलेलं.

"मला बरोबर लागतंय," त्या म्हणाल्या.

"अगं पण ही बाराशे माणसांची सरासरी आहे!"

"सरासरी जेवायला आलीय? कुठं बसलीय, दाखव. तिला मी वेगळं वाढते."

पंगतीत द्रोण वाजायला लागले होते. वाढपी बादल्या घेऊन उभे होते. दोनशे ग्रॅम, म्हटलं तर एकच ओंजळ. घातली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. सगुणाबाईंनी ओंजळभर वेळ विचार केला. बाराशे जणांच्या जिभा बाराशे, त्यांतली आपली एक. ती बरोबर आहे म्हणून बाकीच्या चूक, असं नव्हे. पण ती चूक म्हणून सरासरी बरोबर, असंही नव्हे.

"आमटी अशीच जाईल," त्या म्हणाल्या. "आन् पानात मीठ वाढा."

वाढपी एकमेकांकडे बघू लागले. पानात डाव्या बाजूला चिमूटभर मीठ वाढायची रीत जिभली आल्यापासून बंद पडली होती. लागतंय कुणाला? सरासरी काढूनच येत होतं.

"पानाच्या कडेला, चिमूट चिमूट," सगुणाबाई म्हणाल्या. "ज्याला कमी वाटंल त्यो घालून घेईल. सगळ्यांची अक्कल मी कशाला वापरू?"

मीठ वाढलं गेलं. आणि मग वेळुशीच्या पंगतीत अकरा वर्षांत ऐकू आला नव्हता तो आवाज ऐकू आला.

"जरा अळणी हाय."

"अळणी? जीभ तपासून घे. झकास झालीय."

"अरे, चिमूट टाकून बघ, मग बोल."

"टाकलं. आता खारट झाली."

"मग तुझा हात चुकला. आमटीला काय बोलतोस?"

पाऊस मागे पडला, निवडणूक मागे पडली. अर्ध्या पंगतीचं म्हणणं बरोबर, अर्ध्या पंगतीचं म्हणणं कमी, आणि दोन्ही बाजू आपलं म्हणणं पटवायला पुन्हा पुन्हा आमटी मागून घेत होत्या. माणसांच्या पट्ट्या मनगटांवर लुकलुकत होत्या, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. धुकं विरळ होत होतं. सूर्य त्यातून जुन्या पैशासारखा दिसत होता, आणि पंगतीतली माणसं हातवारे करत होती ती पाण्याखालून केल्यासारखी सावकाश, सोनेरी.

हिंदुरावांनी आमटीत तीन चिमटी मीठ घातलं. चाखलं. चौथी घातली. मग तिसऱ्यांदा आमटी मागून घेतली आणि उठताना हात धुवून काहिलीपाशी आले.

"वहिनी," ते म्हणाले, "दोन मुद्दे आहेत. एक, मीठ कमी होतं. दोन, पुढच्या वर्षी थोडं जास्त घाला."

सगुणाबाईंनी दोन्ही मुद्दे ऐकले. त्यांतल्या दुसऱ्यात काय आलं होतं, ते त्यांना बरोबर कळलं. सीलबंद डब्यांचं नाव हिंदुरावांनी काढलं नव्हतं.

"बघू," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी डाळ कसली येतीय, मीठ कसलं येतंय. आत्ताच कसं सांगू?"

*

दुपारी तीनच्या सुमारास आमटी संपली आणि पंगत संपली नाही. भांडणामुळे खप वाढला होता. अजून अडीचशे माणसं बसायची होती. शेजारच्या छोट्या काहिलीत डाळ शिजवून घेतली, मुक्ताने फोडणी दिली, गूळ घातला. मग तिने आईकडे पाहिलं.

सगुणाबाई लाकडाच्या ढिगाला पाठ टेकून बसल्या होत्या. ऊन अंगावर पसरलं होतं. डोळे मिटले होते.

"आई, मीठ किती घालू?"

सगुणाबाईंनी उत्तर दिलं नाही.

"आई? झोपलीस?"

झोपेत माणूस श्वास घेतं तसा सगुणाबाईंनी एक लांब श्वास घेतला. जरा जास्तच लांब झाला, पण मुलीला तेवढं कळलं नाही. मग त्यांनी पापणी केसभर उघडून पाहिलं.

मुक्ता काहिलीसमोर उभी होती. जिभली तिच्या डाव्या हाताशी, मिठाची परात उजव्या हाताशी. नैवेद्य कधीच झाला होता. दांडी बुडवायला देवाची, धर्माची, ग्रामसभेची, कुणाचीच आडकाठी नव्हती. तिने दांडी उचलली. पुसली. पुन्हा ठेवली. आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय का म्हणून. मग ओढणी कमरेला बांधली, दोन्ही हात मिठात घातले आणि पहिली ओंजळ उचलली. मीठ बोटांच्या फटींतून सांडत होतं.

एक. दोन. काहिलीवर वाकून तिने वास घेतला, आईसारखाच, नाक जरा वाकडं करून. तिसरी ओंजळ घातली. चौथी भरली आणि ती थांबली.

एवढं पुरे, सगुणाबाईंना वाटलं. बास. शब्द अगदी ओठांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

थोड्या वेळाने काहिलीत मीठ पडल्याचा आवाज आला. सगळी ओंजळ नव्हती, निम्मीच असावी. किंवा निम्म्याहून थोडी जास्त.